चिवट विषादाचा इलाज जिल्ह्यातच हवा
दोन निरनिराळी औषधे पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही ज्याचा विषाद हटत नाही, अशा रुग्णासाठी भूल देऊन करावयाचे विद्युत्-उपचार व चुंबकीय स्पंदनांनी मेंदूस चेतना देणारे यंत्र, हे पुढचे उपाय वैद्यकशास्त्राजवळ आहेत. परंतु ते यंत्र बहुधा आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे लावावे लागते; आणि ज्याला अंथरुणातून उठून तोंड धुणेही डोंगराएवढे वाटते, त्या सातारा जिल्ह्यातील माण-खटाव वा सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीकडील माणसाने, मजुरी बुडवणारा नातलग सोबतीस घेऊन, पहाटेच्या एसटीने रोज दूरचे शहर गाठावे, ही अपेक्षाच निर्दय होय. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयेही दूर, ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने उपचारांचा हक्क दिला असून, किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसल्यास तेथील अन्य सेवेचा खर्च सरकारने सोसावा, अशी तरतूद आहे. मिरज व सातारा येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे हे दोन्ही उपचार नियमित व अल्प खर्चात मिळावेत आणि रुग्णासह सोबत्याच्या एसटीभाड्याची तजवीज जिल्हा नियोजन समितीने करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.