चौथाई एंजिन आणि आमचे सुशिक्षित

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात लहानसा वाद झाला. मेजावर लोखंड, ॲल्युमिनियम व पितळ यांचे, दोन हातांच्या ओंजळीत सहज मावेल असे एक एंजिन ठेविले होते. जुन्या 'बुलेट' मोटारसायकलच्या एंजिनाची ती चौथाई मापाची प्रतिकृती. जमलेल्या मंडळींत एक प्राध्यापक होते, एक वकील होते व मोठ्या हुद्द्यावरील दोन गृहस्थ होते. ती वस्तू हातोहात फिरली, सर्वांनी 'वा!' म्हटले, आणि मग प्राध्यापकमहाशयांनी निकाल दिला की, काम सुबक आहे खरे, परंतु शिकल्या-सवरल्या माणसाने अडीच वर्षांचे रविवार खेळणे करण्यात घालवावेत हे काही पटत नाही. सर्वांनी माना डोलाविल्या. यजमानीणबाईंनी तर आपल्या अकरावीतल्या चिरंजीवास तेथे फार वेळ उभे राहू दिले नाही. पोराला हा नाद लागला तर परीक्षेचे काय होईल, ही त्यांची धास्ती!

ती प्रतिकृती आमच्याच हातची असल्यामुळे आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. आपल्या कृतीची वकिली आपणच करणे शोभत नाही. परंतु प्रश्न आमच्या एका एंजिनाचा असता तर आजही आम्ही लेखणी उचलली नसती. तो निकाल देणारे गृहस्थ ज्ञानाचे उपासक म्हणून ओळखले जातात आणि तो मान्य करणारी घरे मुलांच्या शिक्षणासाठी कोणताही खर्च करावयास मागेपुढे पाहत नाहीत. अशा ठिकाणी हाताने मिळविलेल्या ज्ञानास 'खेळणे' हे नाव मिळावे, हे आम्हांस गैर वाटते, आणि ते स्पष्टपणे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम ज्या यंत्राची ही प्रतिकृती, ते यंत्र काय आहे ते पाहू. 'बुलेट' हे नाव इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ साली प्रथम वापरले. आपल्या परिचयाचे रूप त्यास दुसऱ्या महायुद्धानंतर आले, आणि १९५५ पासून ही गाडी मद्रासेस तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. मद्रासेत मात्र तेच जुने एंजिन २०१० च्या सुमारास नव्या घडणीचे एंजिन येईपर्यंत टिकून राहिले. ३५० च्या नावाने विकल्या जाणाऱ्या या एंजिनाचे खरे आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. सिलिंडर एकच, त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, त्यावरील डोके ॲल्युमिनियमचे. तेलाची टाकी बाहेर टांगलेली नाही. ती एंजिनाच्या पेटीतच सामावलेली आहे. दट्ट्याच्या दांड्याच्या मोठ्या टोकात गोळ्या अथवा रूळ नाहीत. तेथे एक सुटे, तरंगते बुश आहे. ही गाडी चालविणारी माणसे आपल्या घरोघरी होऊन गेली. अँमीटरचा काटा पाहून, डीकॉम्प्रेसर दाबून, दट्ट्या नेमक्या जागी आणून मग लाथ मारण्याची ती सगळी पूजाविधी त्यांस तोंडपाठ होती. परंतु त्या विधीचा अर्थ त्यांतील कितीजणांस ठाऊक होता?

येथेच पहिला आक्षेप पुढे येतो. 'अर्थच जाणून घ्यावयाचा तर खरे एंजिन उघडून पाहावे; लहान करण्याचा खटाटोप कशाला?' आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण जो यंत्र उघडतो तो भागांचा क्रम शिकतो. जो ते पुन्हा घडवितो त्यास प्रत्येक भागाचे कारण शिकावे लागते. एक साधे उदाहरण घ्या. या एंजिनाच्या पेटीच्या बाजू अगदी काटकोनात उभ्या नसतात, त्यांस किंचित उतार असतो. शेकडो वेळा पाहूनही तो आमच्या ध्यानात आला नव्हता. प्रतिकृतीसाठी लाकडाचा साचा करून तो ओतकामाच्या वाळूत दाबला, आणि वर उचलताना वाळूची कड ढासळली, तेव्हा तो उतार कशासाठी असतो ते समजले. साचा वाळूतून अलगद सुटावा म्हणून तो ठेवलेला असतो. ही एक ओळ पुस्तकातही सापडेल. परंतु वाळू दोनदा ढासळल्यावर ती जशी समजते तशी पुस्तकातून समजत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मापाची. पहिल्या खेपेस आम्ही मोठ्या अभिमानाने प्रत्येक माप चाराने भागले. सिलिंडर साडेसतरा मिलिमीटरांचा, धाव साडेबावीस मिलिमीटरांची. ज्यांस हे कौतुकाचे वाटते त्यांनी पुढील हिशेब पाहावा. लांबी चौथाई झाली की पृष्ठभाग सोळावा हिस्सा होतो आणि घनफळ चौसष्टावा. ३४६ घनसेंटिमीटरांचे जेमतेम साडेपाच उरतात, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढी जागा. उष्णता निपजते ती इंधनाच्या आकारमानाप्रमाणे आणि निसटते ती भिंतींच्या पृष्ठभागातून. म्हणून लहान एंजिनात तेवढ्याच उष्णतेला बाहेर पडण्यास चौपट वाट मिळते. मोठ्या सिलिंडरभोवतीच्या ज्या पातळ कडा त्यास थंड ठेवण्यासाठी योजिलेल्या, त्या येथे निम्म्याहून अधिक शोभेच्या ठरतात.

ते एंजिन सुरू झाले नाही. तीन महिने झाले नाही. कार्बुरेटरचा घसा आम्ही नेमका चौथाई रुंदीचा कोरला होता. परंतु एका फेऱ्यास आत ओढली जाणारी हवा झाली चौसष्टावा हिस्सा आणि घशाचे क्षेत्रफळ झाले सोळावा. अर्थात तितक्याच फेऱ्यांस घशातील हवेचा वेग चौथाईवर आला. एवढ्या मंद हवेने पेट्रोल वर येईना. मूळचा ठिणगीचा प्लग १४ मिलिमीटरांचा. त्याचा साडेतीन मिलिमीटरांचा अवतार आम्ही हाताने घडविला, तर त्याच्या चौथाई फटीत तेलाचा एक सूक्ष्म थेंब बसला की ठिणगी संपली. तेलनळ्या चौथाई झाल्या, पण तेलाचा चिकटपणा काही चौथाई होत नाही. इंग्लंडातील लहान यंत्रे करणाऱ्या मंडळींत एक म्हण रूढ आहे; तिचा आशय असा की, यंत्राचे माप लहान करता येते, निसर्गाचे येत नाही. ही म्हण आम्ही वाचलेली होती. तिचा अर्थ कळण्यास ते तीन महिने लागले. शेवटी घसा हिशेबाहून अरुंद केला, पाव इंची आट्यांचा बाजारी प्लग बसविला, नळ्यांची भोके मोठी केली. आणि एका रविवारी सकाळी ते यंत्र फटफटले.

साहित्याच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटू नये. शब्दास शब्द ठेवून केलेले भाषांतर मृत असते, हे आम्ही या पानांवरून नित्य वाचतो व मान्य करतो. मूळाशी इमान राखावयाचे तर कोठे मूळ सोडावे हे जाणावे लागते, आणि ते जाणण्यासाठी मूळ ग्रंथ तळापासून कळावा लागतो. चालणारी प्रतिकृती हे धातूत केलेले भाषांतर होय. संस्कृत नाटकाचे मराठीकरण करणाऱ्यास आम्ही पंडित म्हणतो, आणि एंजिनाचे भाषांतर करणाऱ्यास पोरकट म्हणतो! हा भेद कोणत्या न्यायाने?

'खेळणे' या शब्दाचा ज्यांस आग्रह आहे त्यांस आम्ही इतिहासातील एका खेळण्याची आठवण देतो. ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या वाफेच्या एंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. तिचा सिलिंडर दोन इंच व्यासाचा. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती दुरुस्तीसाठी जेम्स वॅट या उपकरणे करणाऱ्या कारागिराकडे आली. दुरुस्त होऊनही ती काही फेरे मारी आणि वाफ संपून थांबे. खाणींवरची मोठी एंजिने मात्र चालत होती. वॅट त्या थांबण्याच्या मागे लागला. लहान सिलिंडराच्या भिंती प्रमाणाने जास्त उष्णता खातात आणि दर फेऱ्यास सिलिंडर थंड करून पुन्हा तापविण्यात बहुतेक वाफ वाया जाते, हे त्यास दिसले. तो अपव्यय मोठ्या यंत्रांतही होताच, पण तेथे तो कोळशाच्या ढिगाखाली दडलेला होता. लहान यंत्राने तो उघडा पाडिला. १७६५ साली वॅटला निराळ्या शीतपात्राची कल्पना सुचली आणि १७६९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. त्या वेळी आमचे प्राध्यापकमहाशय ग्लासगोस असते, तर 'वॅटसाहेब, खेळणे राहू द्या' असेच म्हणाले असते काय?

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. संगणकावर हवे ते एंजिन फिरते करून पाहता येते, आणि यंत्राने त्याची प्रत छापूनही मिळते. मग कानस घासावी कशाला? संगणकाचा आम्हांस तिटकारा नाही. आमचे आराखडे आम्ही त्यावरच काढिले. परंतु छापून आलेल्या प्रतीत जो भाग जसा काढला तसा तो निमूटपणे येतो. आपण चुकलो आहो हे ती सांगत नाही. धातू सांगतो. सिलिंडर शंभरांश मिलिमीटरने लंबगोल झाला की दाब निसटतो, आणि मग कोणतेही वक्तृत्व कामास येत नाही. आपल्या मतास तत्काळ व निर्विवाद खोटे पाडणारा असा गुरू सुशिक्षितांच्या आयुष्यात फार क्वचित येतो. आणि त्यास टाळण्याची सोय झाली म्हणून आनंद मानावा, यात आम्हांस शहाणपण दिसत नाही.

तथापि आमचे भांडण एकाच बाजूशी आहे असे कोणी समजू नये. प्रतिकृतीच्या शौकिनांतही एक वर्ग असा आहे की, त्याने या कलेस खेळणे म्हणण्यास लोकांस पुरेसे कारण दिले आहे. डोक्यावरील नटाचे कोपरे मोजावे, ओतकामाचा खरखरीतपणा रंगाने उठवावा, डबीवरील अक्षरांचे वळण साधावे, आणि आत मात्र दट्ट्याही नसावा! यांच्या मते बारकावा म्हणजे डोळ्यास दिसणारी जुळणी. बाहेरच्या तपशिलाची आम्ही निंदा करीत नाही. तो साधण्यास फार सोसावे लागते हे आम्ही जाणतो. परंतु ज्या तपशिलामागील कारण करणाऱ्यास ठाऊक नाही तो तपशील नक्कल होय. त्याहून पुढची पायरी म्हणजे तयार वस्तू विकत आणून काचेच्या कपाटात ठेवणे व 'आमचा संग्रह' म्हणून पाहुण्यांस दाखविणे. न वाचलेल्या ग्रंथांच्या सोनेरी पाठी आणि ही कपाटे यांत आम्ही फरक करीत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. लंडनमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल एंजिनिअर' हे नियतकालिक काढिले ते मुख्यतः घरच्या कोपऱ्यात लेथ मांडणाऱ्या सामान्य माणसांसाठी. आपल्याकडे अशी परंपरा का रुजली नाही? हात हलके होते असे नाही. चित्रकलेकडून यंत्ररेखाटनाकडे वळलेले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींच्या दुकानातून नांगरापर्यंत पोहोचले, ते हातांच्याच जोरावर. परंतु त्यांचे चरित्र मुलांस वाचावयास देणारी घरे कानस मात्र देत नाहीत. मुलाने एंजिनिअर व्हावे, पण त्याच्या नखांत काळे दिसू नये, अशी आमची इच्छा! चार वर्षे यंत्रशास्त्राची सूत्रे घोकून बाहेर पडलेला पदवीधर आणि नाक्यावरचा, आवाजावरून टॅपेट ओळखणारा मिस्त्री यांची कधी गाठच पडत नाही. एकास कारण ठाऊक असते, दुसऱ्यास काम. दोघांचेही ज्ञान अर्धे राहते. जुनी एंजिने आता कमी होत चालली. ती हाताळणारे मिस्त्रीही थकले. त्यांच्या बोटांतील विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही. एखाद्या घरातील मेजावर ती उतरली नाही तर ती त्यांच्याबरोबरच जाईल.

यास पैसा लागतो, जागा लागते, घरच्यांस कर्कश आवाज सोसावा लागतो, हे सर्व खरे. प्रत्येकाने लेथ घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. एक व्हाइस, चार कानशी आणि पितळेचा एक तुकडा एवढ्याने आरंभ होतो. आणि सर्वांनाच हे साधेल असेही नाही. आमचे मागणे एवढेच की, जे साधावयास बसले आहेत त्यांस विद्येच्या पंक्तीतून उठवू नये.

त्या दिवशीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. मोठी मंडळी फराळास उठली तेव्हा तो अकरावीतला मुलगा हळूच परत आला, एंजिन उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "काका, झडपा वर आहेत, मग टॅपेटचा आटा खाली पायथ्याशी का?" आम्हीही हा प्रश्न पुष्कळ उशिरा स्वतःस विचारला होता. वर पेट्रोलची टाकी असते; ती न उतरविता दुरुस्तीचा हात पोहोचावा, हे आम्हांस सापडलेले उत्तर आम्ही त्यास सांगितले. तो थोडा वेळ विचार करीत राहिला, आणि पुढचा प्रश्न विचारणार तोच आतून त्यास हाक आली.

एका प्राध्यापकाने, एका वकिलाने व दोन अधिकाऱ्यांनी ते एंजिन हाताळिले. प्रश्न विचारला तो एका मुलाने. त्याच्या मातोश्रींस आमची विनंती आहे की, पुढच्या खेपेस त्यास हाक मारण्यापूर्वी त्याचा दुसरा प्रश्न पुरा होऊ द्यावा.