पिशवीबरोबर काय काय काढले?

‘पिशवी काढली’ एवढे सांगून आपल्याकडे घरोघरी विषय संपविला जातो. पिशवीबरोबर बीजांडकोश काढले की ठेवले, हे पुष्कळदा त्या स्त्रीलाही ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निकालावरून कळते. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती गुंगीत असताना एंडोमेट्रिओसिसचे निदान झाले, बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशयासह दोन्ही बीजांडकोश काढून टाकण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नसता सज्ञान स्त्रीच्या वतीने आईची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. भरपाई मात्र अवघी २५ हजार रुपये!

वैद्यकीय बाजू तितकी सोपी नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी ओटीपोटात अन्यत्र वाढतात तो हा विकार, आणि बीजांडकोशातील इस्ट्रोजेनवर त्याचे पोषण होते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समधील १३८ रुग्णांच्या १९९५ च्या अहवालात बीजांडकोश राखलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना वेदना परत आल्या. दोन्ही काढलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. येथेच थांबले तर ‘काढून मोकळे व्हावे’ हेच खरे वाटेल. परंतु क्लीव्हलँड येथील २००८ च्या पाहणीत तिशीतील स्त्रियांना बीजांडकोश राखल्याने पुन्हा शस्त्रक्रियेचा धोका वाढल्याचे आढळले नाही. शिवाय आतड्यावर वा अन्यत्र रोगट भाग तसाच राहिला, तर सारे काढूनही दुखणे उरू शकते.

उलट बाजूही पाहावी. गर्भाशय काढलेल्या सुमारे २९ हजार अमेरिकन परिचारिकांची २४ वर्षांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती केवळ या विकाराची नव्हती, हे खरे. बीजांडकोश काढलेल्यांत स्तनांचा व बीजांडकोशाचा कर्करोग कमी दिसला, पण हृदयविकार व एकूण मृत्यू अधिक. आणि कोणत्याही वयोगटात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पस्तिशीत एका दिवसात येणारी रजोनिवृत्ती हाडांनाही सोसावी लागते. म्हणून युरोपीय तज्ज्ञांची २०२२ ची मार्गदर्शिका नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी संप्रेरके देण्याचा विचार सुचविते. टाके सुकल्यावर दवाखान्याचे तोंडही न पाहणाऱ्या आपल्या भगिनींपैकी किती जणी ती पंधरा वर्षे घेतील?

चाळिशीच्या आतील स्त्रीचे बीजांडकोश निरोगी असतील आणि घराण्यात कर्करोगाचा इतिहास नसेल, तर ते राखण्याकडे कल असावा, असे आमचे मत आहे. मात्र दोनतीन शस्त्रक्रियांनी गांजलेली एखादी स्त्री सर्व समजून ते काढा म्हणेल, तर तोही तिचाच अधिकार. संमतीपत्रात बीजांडकोशांसाठी स्वतंत्र ओळ हवी, मराठीत हवी, आणि तीवरची सही शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे तर आधीच्या भेटीत, नवऱ्याची वा सासूची नव्हे तर तिची स्वतःची हवी.