नव्वदीपुढचे गुण आणि ‘संमिश्र’ शेरा
‘एल्डन रिंग’ या 2022 सालच्या जपानी लढाऊ व्हिडिओ गेमची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही पुरवणी, म्हणजे मूळ खेळाला वेगळे पैसे मोजून जोडायचा नवा भाग, 21 जून 2024 रोजी आली, तेव्हा समीक्षकांनी तिला शंभरात नव्वदीच्या पुढचे गुण दिले, तर स्टीम या विक्रीमंचावर खेळाडूंनी पहिल्या काही दिवसांत तिला ‘संमिश्र’ शेऱ्यापर्यंत खाली खेचले. शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने कवाडे नसतात. या पुरवणीच्या उंबऱ्यावर मात्र राडान आणि मोग हे दोन बलाढ्य शत्रू उभे असून, त्यांना हरवून आत गेल्यावरही मूळ खेळात कमावलेले बळ अपुरे पडते, कारण तिथे ‘स्कॅडूट्री’ वृक्षाचे विखुरलेले तुकडे हुडकून प्रहाराची आणि घाव सोसण्याची ताकद नव्याने वाढवावी लागते. अनेक तक्रारदारांनी हे कष्ट घेतलेच नव्हते, असे म्हणायला जागा आहे; संगणकावर चित्र अडखळत चालते, ही त्यांची दुसरी तक्रार मात्र रास्त होती. अवघडपणा आणि सदोषपणा यांत गल्लत होऊ नये: पुण्यात घडलेल्या ‘राजी’ (2020) या खेळाची चित्रशैली वाखाणली गेली आणि लढाईला नावे ठेवली गेली, ती मुख्यतः तिच्या ओबडधोबड मांडणीसाठी. ‘एल्डन रिंग’ची निर्माती फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनी आठवड्याच्या आतच थोडी नमली आणि सुरुवातीच्या तुकड्यांचा प्रभाव तिने वाढवून दिला.