रेपो दर उतरला, गृहकर्जाची मुदत मात्र तशीच

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षात रेपो दर चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत तो साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा टक्के झाला, एप्रिलमध्ये सहा टक्के, जूनमध्ये एकदम अर्ध्या टक्क्याने उतरून साडेपाच टक्के आणि डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्के. वर्षभरात सव्वा टक्क्याची ही कपात. प्रत्येक घोषणेनंतर गृहकर्जदारांना दिलासा मिळाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या आणि त्या चुकीच्या नव्हत्या. परंतु ज्या कुटुंबांनी २०२० ते २०२२ या काळात घर घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या कर्जखात्याचा उतारा वेगळे काही सांगतो. व्याजदर उतरला, हप्ताही क्वचित उतरला. पण कर्ज फिटण्याची तारीख जिथे जाऊन बसली होती, तिथून ती फारशी मागे आलेली नाही.

हे कसे घडले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. करोना साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, रेपो दर चार टक्क्यांवर आणण्यात आला होता. गृहकर्ज सात टक्के किंवा त्याहूनही कमी दराने उपलब्ध झाले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, घरूनच कार्यालयाचे काम करणाऱ्या मध्यमवर्गाला आणखी एक खोली हवी होती आणि महाराष्ट्रासारख्या राज्याने त्या काळापुरती मुद्रांक शुल्कातही सवलत दिली होती. घरांची विक्री वाढली. पुढे महागाई वाढू लागल्यावर रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी, ठरलेल्या बैठकीबाहेर, रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवला. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत आणखी पाच वेळा वाढ झाली आणि दर साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के ही वाढ दीर्घ मुदतीच्या कर्जाला पेलणारी नव्हती.

हप्ता स्थिर, मुदत वाढती

एक उदाहरण घेऊ. पन्नास लाख रुपयांचे कर्ज, सात टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. मासिक हप्ता ३८,७६५ रुपये येतो. दोन वर्षे नियमित हप्ते भरल्यावर सुमारे ४७ लाख ५३ हजार रुपये मुद्दल शिल्लक राहते. आता व्याजदर साडेनऊ टक्के झाला असे धरू. (प्रत्यक्षात वाढ टप्प्याटप्प्याने झाली, हिशेब सोपा व्हावा म्हणून ती एकदम धरली आहे.) या शिलकीवर महिन्याचे व्याजच ३७,६३२ रुपये होते. म्हणजे जुन्या हप्त्यातून मुद्दलापोटी जेमतेम अकराशे रुपये वळते होतात. हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या २१६ महिन्यांऐवजी ४४८ महिने लागतील; सदतीस वर्षांहून अधिक. हेच कर्ज अगदी नवे असते, पहिला हप्ताही गेला नसता, तर महिन्याचे व्याज ३९,५८३ रुपये झाले असते आणि संपूर्ण हप्ता भरूनही कर्ज कमी होण्याऐवजी वाढत गेले असते.

बहुतेक बँका गृहकर्जाची एकूण मुदत तीस वर्षांपलीकडे नेत नाहीत. त्यामुळे बँकेने काय केले असेल? मुदत तीस वर्षांपर्यंत ताणली आणि हप्ता थोडासा, ४०,४९४ रुपयांपर्यंत, वाढवला. कर्जदाराला दरमहा सतराशे रुपये अधिक द्यावे लागले. ते त्याने सोसले. मुदत दहा वर्षांनी वाढली, हे मात्र अनेकांना फार उशिरा कळले. काहींना तर मुदतपूर्व रक्कम भरण्यासाठी शाखेत गेल्यावर कळले.

यात बँकेने नियमबाह्य काही केले, असे सरसकट म्हणता येणार नाही. हप्ता एकाएकी सात हजारांनी वाढवला असता, तर कित्येकांच्या घरखर्चाचे गणित कोलमडले असते आणि हप्ते थकले असते. मुदत वाढवणे दोन्ही बाजूंना त्या क्षणी सोयीचे होते. प्रश्न आहे तो कर्जदाराला विचारले गेले की नाही, याचा. रिझर्व्ह बँकेलाही तो प्रश्न पडला असावा, कारण १८ ऑगस्ट २०२३ रोजी तिने याविषयी स्वतंत्र परिपत्रक काढले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. कर्जाच्या काळात केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेडीची मुभा असली पाहिजे. मुदतवाढीमुळे हप्त्यातून व्याजही भागत नाही अशी स्थिती येता कामा नये. आणि दर तिमाहीला कर्जदाराला एक सुबोध विवरण मिळाले पाहिजे. त्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्त्यांची संख्या आणि वार्षिक व्याजदर, इतके तरी असावे. हे नियम बँकांप्रमाणे गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहेत आणि जुन्या कर्जांनाही.

उतरत्या दराचा सापळा

आता त्याच कर्जाकडे २०२५ मधील कपातीनंतर पाहू. साडेनऊ टक्क्यांचा दर अडीच वर्षे राहिला आणि नंतर सव्वाआठ झाला असे धरले, तर तीस महिन्यांत १२ लाख १४ हजार रुपये हप्त्यांपोटी जाऊनही मुद्दल जेमतेम ९६ हजारांनी कमी झालेले दिसते. शिल्लक सुमारे ४६ लाख ५७ हजार. उरलेले हप्ते ३०६.

येथे बँक दोनपैकी एक गोष्ट करते. मुदत तशीच ठेवून हप्ता कमी केला, तर तो ३६,५०२ रुपये होतो. चार हजारांची बचत, शिवाय हा हप्ता २०२० मधील पहिल्या हप्त्यापेक्षाही लहान. घरात आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु या कुटुंबाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतले होते. साडेचार वर्षे फेडल्यावर त्याला साडेपंधरा वर्षे उरायला हवी होती आणि उरली आहेत साडेपंचवीस. उलट ४०,४९४ चा हप्ता तसाच चालू ठेवण्यास बँकेला सांगितले, तर कर्ज २२९ महिन्यांत, म्हणजे सुमारे एकोणीस वर्षांत फिटते. दोन पर्यायांत एकूण देण्याचा फरक एकोणीस लाख रुपयांहून अधिक आहे. मूळच्या साडेपंधरा वर्षांत कर्ज संपवायचे, तर हप्ता ४४,४४४ रुपयांपर्यंत न्यावा लागेल. पगार दरम्यान वाढला असेल, तर हे अशक्य नाही; मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याच सुमारास उभा ठाकला असेल, तर अवघड आहे.

ज्या कुटुंबाने २०२२ मध्येच मुदतवाढ नाकारून ४६,०१० रुपयांचा हप्ता स्वीकारला, त्याची शिल्लक याच काळात ४४ लाख ७१ हजारांवर आली असेल. दर उतरल्यावर त्याने हप्ता कमी करून घेतला तर तो ४२,६६९ होतो. तसाच ठेवला तर १८६ ऐवजी १६१ महिन्यांत घर कर्जमुक्त होते आणि सुमारे पाच लाख तीस हजार रुपये वाचतात. दर वाढताना मुदत वाढू द्यायची आणि दर उतरताना हप्ता कमी करून घ्यायचा, ही जोडी कर्जदाराला सर्वांत महाग पडते. दुर्दैवाने बहुतेक घरांत, कोणी मुद्दाम न ठरवता, तेच होते.

एकाच शहरात दोन दर

रेपो दर उतरला की सर्वांचेच व्याज उतरते, हाही एक समज आहे. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निकषाशी, बहुधा रेपो दराशीच, जोडलेली असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो. त्याआधीची कर्जे मात्र अजूनही एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या एमसीएलआर पद्धतीत, किंवा २०१० च्या बेस रेट पद्धतीत असू शकतात. तेथे बँकेच्या स्वतःच्या निधीचा खर्च पाहून दर ठरतो आणि कपात झिरपायला वेळ लागतो. गृहवित्त कंपन्यांना २०१९ चा तो नियम लागूच करण्यात आला नव्हता. बहुतेक कंपन्या आपापल्या प्रधान ऋणदरानुसार आकारणी करतात. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या व्याजात एक टक्क्याचे अंतर असू शकते आणि दोघांचीही परतफेड निर्दोष असू शकते.

बँकांची बाजूही लक्षात घ्यावयास हवी. रेपोशी जोडलेल्या कर्जांचे व्याज लगेच उतरते. पण ठेवीदाराला दोन-तीन वर्षांसाठी कबूल केलेले व्याज मध्येच कमी करता येत नाही. त्या काळात बँकेचा नफा आक्रसतो. मग नव्या कर्जदाराला स्वस्त दराने ओढायचे आणि जुन्याला जुन्याच फरकावर ठेवायचे, ही प्रवृत्ती बळावते. रेपो दरावर बँक जो फरक आकारते, ज्याला व्यवहारात स्प्रेड म्हणतात, तो कर्ज घेताना निश्चित होतो. नव्या ग्राहकासाठी तो घटला, तरी जुन्याला आपोआप मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना हा फरक तीन वर्षे पूर्ण होण्याआधीही कमी करण्याची मोकळीक दिली आहे. मोकळीक, सक्ती नव्हे. म्हणून मागणी करणे कर्जदाराकडे आले.

ही मागणी लेखी करावी. आपल्या कर्जाचा निकष कोणता, स्प्रेड किती, आज त्याच बँकेचा नव्या ग्राहकाचा दर किती, हे तीन आकडे हाती असले की शाखेतील संभाषण लवकर मुद्द्यावर येते. थोडे शुल्क घेऊन बँका दर बदलून देतात. अर्धा टक्का फरक असेल आणि दहा-बारा वर्षे बाकी असतील, तर ते शुल्क सहज भरून निघते. बँक तयार नसेल, तर कर्ज दुसरीकडे नेता येते. व्यक्तिगत कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल आणि काही राज्यांत गहाणखतावरील मुद्रांक शुल्क मात्र हिशेबात धरावे लागते. कर्ज संपत आले असेल, तर हा खटाटोप बहुधा व्यर्थ ठरतो, कारण व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या वर्षांतच दिला गेलेला असतो. त्याच कारणाने बोनस किंवा मुदत संपलेल्या ठेवीची रक्कम कर्जात भरायची, तर ती लवकर भरावी. भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करा, असे स्पष्ट लिहून द्यावे.

नवे घर घेणाऱ्यांसाठी

जे आता घर घेत आहेत, त्यांच्यापुढे उतरलेला दर हे आकर्षण आहे. २०२० मध्येही ते होते. वीस वर्षांच्या कर्जात व्याजदराचे किमान दोन-तीन चढउतार येणारच. म्हणून आजच्या हप्त्यावर घर निवडण्याऐवजी दोन टक्के अधिक दराने हप्ता किती होईल, ते काढून तो झेपतो का, हे पाहणे शहाणपणाचे. झेपत नसेल तर एक खोली कमी घ्यावी. विक्रेत्याला हे आवडणार नाही, पण हप्ता विक्रेता भरत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घराबाबत धोका निराळा आहे. ताबा मिळेपर्यंत व्याज विकासक भरेल, अशा योजनांत कर्ज खरेदीदाराच्याच नावावर असते. दिल्लीच्या परिसरात विकासकांनी व्याज भरणे थांबवल्यावर बँकांनी घर न मिळालेल्या खरेदीदारांकडेच वसुली सुरू केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये विकासक व वित्तसंस्था यांच्या संगनमताची केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशी करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हा आकडा तरी प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावा.

आणि कर्ज फिटल्यावरचे एक काम. शेवटचा हप्ता गेला की समाधानाने पुढे काही न करणारे पुष्कळ असतात. मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीतच राहते. सप्टेंबर २०२३ मधील निर्देशानुसार पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत सर्व मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदणीतील बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. कागदपत्रे हरवली असल्यास प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेचाच असतो. त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात आणि भरपाईची मोजणी त्यानंतर सुरू होते.