फाइल खराब झाली, पण दोषी भलताच! लिनक्स ४.१९ चा घोळ आणि तुमचा ‘नंतर करू’वाला अपडेट

फोनवर अपडेट येतो. खाली एकच गुळमुळीत ओळ असते: ‘बग दुरुस्त केले, स्थिरता वाढवली.’ आपण ‘नंतर’ दाबतो आणि रील्स बघायला लागतो. या एका ओळीमागे काय दडलेलं असू शकतं, हे सांगायला मला २०१८ सालचं लिनक्समधलं प्रकरण सगळ्यात चांगलं वाटतं. अँड्रॉइडचा गाभा म्हणजे कर्नेल हा लिनक्सचाच आहे, त्यामुळे प्रकरण वाटतं तितकं लांबचं नाही.

झालं काय होतं?

लिनक्स कर्नेल ४.१९ आला २२ ऑक्टोबर २०१८ ला. महिन्याभरात काही लोकांच्या कॉम्प्युटरवर फाइल्स बिघडू लागल्या. ‘वाचलेला डेटा चुकीचा आहे’ अशी ओरड एक्स्ट-४ ही फाइल सिस्टम करत होती, म्हणून संशयही तिच्यावरच गेला. गंमत म्हणजे काही मशीनवर बग यायचा, तर काहींवर अजिबात नाही.

असं कधी होतं? जेव्हा सगळा खेळ टायमिंगचा असतो. दूध संपलेलं बघून आई बाहेर पडते, तेवढ्यात दादाही तेच बघून निघतो आणि घरात दुप्पट दूध येतं. दोघांचंही चुकलेलं नाही, फक्त मधल्या वेळेत काय बदललं हे कळलं नाही. निकाल असा वेळेवर अवलंबून असला की प्रोग्रामर त्याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. ४.१९ चा बग याच कुळातला.

खरा चोर कुठे होता?

ॲप आणि स्टोरेज यांच्या मध्ये ‘ब्लॉक लेयर’ नावाचा थर असतो. वाचायच्या-लिहायच्या रिक्वेस्ट तो पुढे पाठवतो. डिस्कवर शेजारीशेजारी असलेल्या दोन रिक्वेस्ट एकत्र करून एकच मोठी रिक्वेस्टही बनवतो, म्हणजे वेळ वाचतो. ४.१९ मध्ये एक बदल झाला: ठरावीक सेटिंगमध्ये डिव्हाइस मोकळं दिसलं, तर रिक्वेस्ट रांगेत न लावता थेट पाठवायची. वेग वाढावा म्हणूनच हे केलं होतं.

पण डिव्हाइस ऐनवेळी ‘मी बिझी आहे’ म्हणालं तर? रिक्वेस्ट परत रांगेत. इथेच गडबड होती. तोवर स्कझी नावाच्या खालच्या थराने त्या रिक्वेस्टसाठी मेमरीचा हिशोब मांडून ठेवलेला असायचा. रांगेत मात्र तिला दुसरी रिक्वेस्ट येऊन चिकटायची.

किराणा दुकानातला पोऱ्या पाच वस्तूंची यादी पाठ करून निघालाय आणि मागे मालकाने त्याच चिठ्ठीवर आणखी तीन वस्तू लिहिल्या, असं समजा. घरी पाचच वस्तू येणार, वहीत मात्र आठ पोचल्याची नोंद! इथेही तसंच झालं. मूळ भागाचंच काम व्हायचं, वाढलेला भाग तसाच राहायचा, आणि त्या जागी मेमरीत पडलेला कचरा फाइल सिस्टम ‘डेटा’ म्हणून वाचायची. एक्स्ट-४ बिचारी फक्त बोंब मारत होती.

दुरुस्ती

ब्लॉक लेयरचे प्रमुख येन्स आक्सबो यांनी डिसेंबर २०१८ मध्ये उपाय केला: एकदा परत आलेल्या रिक्वेस्टला दुसरी कुठलीही जोडायची नाही. लगेच पुढचं पाऊल म्हणून अशा रिक्वेस्ट जिथे जोडाजोड होतच नाही त्या वेगळ्या यादीत टाकायचं ठरलं. ४.१९.८ मध्ये ही दुरुस्ती आली. बदल मोजक्या ओळींचा, पण तो होईपर्यंत लोकांच्या फाइल्स गेल्या त्या गेल्याच.

मग आपल्याला काय?

माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, जो ओरडतो तोच दोषी असं नसतं. गॅलरीत फोटो उघडत नाही म्हणून गॅलरी ॲपला एक स्टार देण्याआधी जरा थांबा. फोनच्या जाहिरातीत मिरवलं जाणारं यूएफएस स्टोरेजसुद्धा लिनक्समध्ये याच स्कझी थरातून चालतं. खाली किती थर आहेत, ते आपल्याला दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ४.१९ मालिका पुढे अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आली. हा बग त्याआधीच सुटला होता, पण कर्नेलमधला तो काही शेवटचा बग नव्हता. त्या मालिकेला लिनक्सकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ मध्ये थांबल्या. म्हणजे आज असा फोन वापरणारा पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो, तसं ‘अपडेट किती वर्षं देणार?’ हेही दुकानात विचारायला हवं.

आत्ता एवढं करा: सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून कर्नेलची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. तारीख वर्षभर जुनी असेल, तर महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. अपडेट आलेला असेल, तर रात्री चार्जिंगला लावून तो करूनच टाका. बिघडलेला कोड दुरुस्त होतो, पण बिघडलेला फोटो परत येत नाही.