मांजराने पळायचं की पकडायचं?

"बाई, गेम बनवून मुलं काय शिकणार?" मालाडच्या आमच्या शाळेत पालक विचारतात. वर्गात मुलांनी स्क्रॅचवर मांजराचा खेळ केला. आधी नुसते 'जर-तर'चे ठोकळे जोडले: उंदीर दिसला तर पकड, कुत्रा दिसला तर पळ. दोन्ही एकदम दिसले की मांजर जागीच थरथरायचं!

मग फळ्यावर तीन गोल काढले: भटकणं, पाठलाग, पळणं. मांजर एका वेळी एकाच गोलात. कधी बदलायचं ते बाणावर लिहिलं. चूक मुलांनीच शोधली. १९८० च्या पॅकमॅनमधली भुतंही अशाच अवस्था बदलतात.

दोन-तीन नियमांना जर-तर पुरतं. पण माझ्या मते, शेजारच्या बाकावरच्या मुलाला वाचून दुरुस्त करता येते तीच पद्धत खरी सोपी. घरीही आधी कागदावर गोल काढून बघा.