गोळीच्या टप्प्यातला डॉक्टर

सीमेवर गोळीबाराची बातमी आली की आमच्या खेडमधल्या काही घरांत टीव्हीचा आवाज वाढतो. या तालुक्यात आणि शेजारच्या दापोली-चिपळूणकडे पिढ्यान् पिढ्या फौजेत माणूस धाडणारी घरं आहेत. परवा अशाच एका घरातल्या काकूंनी विचारलं, "काय गं, तिथं पोरगं जखमी झालं तर डॉक्टर असतो का जवळ?"

असतो, काकू. पायदळाच्या पलटणीबरोबर तिचा स्वतःचा डॉक्टर असतो. पलटण जाईल तिथं तोही जातो. त्याचा दवाखाना म्हणजे कधी बंकर, कधी नुसता दगडाचा आडोसा. मोठं ऑपरेशन तिथं होत नाही. रक्त थांबवायचं, श्वास मोकळा ठेवायचा, सलाईन लावायचं आणि जवानाला स्ट्रेचरवरून किंवा हेलिकॉप्टरने मागच्या रुग्णालयाकडे धाडायचं. पहिला तास हातचा गेला की मागे कितीही मोठं हॉस्पिटल असून उपयोग कमी, म्हणून डॉक्टरला पुढं राहावं लागतं.

१९४९च्या जिनिव्हा करारानुसार डॉक्टरवर गोळी झाडायची नाही. पण तोफगोळ्याला आणि घातपात्याला करार कुठला कळायला? २६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीयांच्या निवासावर हल्ला झाला. मणिपूरचे मेजर लैश्राम ज्योतिन सिंह हे लष्करी डॉक्टर तिथं होते, हातात शस्त्र नव्हतं. आत्मघातकी हल्लेखोराला त्यांनी मिठीत धरून ठेवलं. ते गेले, पण सहकारी वाचले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आपल्या मराठी मुलखाचं नाव घ्यायचं तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. लढाईच्या धामधुमीत सलग ७२ तास ते ऑपरेशनं करत होते असं सांगतात. तिथल्याच क्वो छिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले, वय अवघं ३२. मागे तान्हं मूल आणि तरुण बायको. शौर्याच्या गोष्टीत ही बाजू आपण बायकांनी तरी विसरू नये.

आता आपल्या मुलींचं बोलू. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉ. पुनिता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या, देशातल्या पहिल्या महिला. तिथल्याच डॉ. माधुरी कानिटकर २०२० मध्ये त्या पदावर पोचल्या. म्हणजे मुली कमी पडत नाहीत. तरीही २०२३ च्या प्रवेशात या कॉलेजच्या १४५ जागांपैकी मुलींना होत्या फक्त ३०. 'नीट'मध्ये मुलगी तेवढेच मार्क आणते, मग दार अर्धंच उघडं का? सरकारला हा प्रश्न विचारायला हवा. आणि घरातही एक विचारायला हवा: मुलगा फौजेत गेला तर आपण पेढे वाटतो, मुलगी जाते म्हणाली की कपाळाला आठी का पडते?

तोवर एवढं तरी करूया. कशेडी घाटातल्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. तिथंही तोच पहिला तास असतो. जखमेतून भळभळ रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा उचलून बघायचं नाही, कुणाला तरी लगेच १०८ला फोन करायला सांगायचं. महिला मंडळाच्या एका दुपारी हळदीकुंकवाबरोबर एखाद्या डॉक्टरांना बोलावून हे शिकून घेता येईल.

काकूंना मी सांगितलं, तुमच्या पोराजवळ डॉक्टर आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग त्या डॉक्टरच्या आईलाही माझा नमस्कार सांग हो."